देव नको, पण हळद हवी

‘आम्ही नोंदणी लग्न करतोय, धार्मिक विधी नकोत. पण घरचे विचारतात, मग त्याला लग्न तरी कसं म्हणायचं?’ लग्नाआधी समुपदेशनाला येणारी जोडपी हा प्रश्न पुन्हा पुन्हा घेऊन येतात. त्यातल्या एका जोडप्याचं सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दोघंही पुण्यात नोकरी करणारी. मुलगी सांगली जिल्ह्यातली. वडील लवकर गेले, आईनं शिवणकाम करून वाढवलं. भटजी, होम, मुहूर्त, पत्रिका काही नको, यावर दोघांचं एकमत होतं. भांडण पेटलं ते हळदीवरून. मुलगा म्हणायचा, ‘गंमत असते, राहू दे.’ मुलगी म्हणायची, ‘एक आत घेतली की मागून सगळ्या येतील.’

आधी कायद्याची बाजू स्पष्ट करून घेतली, कारण ‘विधी गाळले तर लग्न कच्चं राहील’ ही भीती घरोघरी असते. १९५४च्या विशेष विवाह कायद्यात नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं आणि विवाह अधिकारी व तीन साक्षीदारांसमोर एकमेकांना स्वीकारल्याचं सांगायचं. त्यापलीकडे कोणताही विधी लागत नाही, आणि करायचा तर कोणता, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. मात्र विधी गाळून हिंदू विवाह कायद्याखाली नुसती नोंदणी करू नका. त्या कायद्यात रूढीप्रमाणे विधी व्हावे लागतात. नुसत्या प्रमाणपत्रानं लग्न सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४मध्ये स्पष्ट केलं आहे.

मग दोघांना वेगवेगळं बसवून एकेका प्रथेपुढे एवढंच लिहायला सांगितलं: यात कोण पुढे येतं आणि कोणाला मागे ठेवलं जातं? ‘हे शास्त्रात आहे का’ या वादात मी शिरत नाही. त्यानं कोणाचंच समाधान होत नाही.

कन्यादान दोघांनी एका फटक्यात खोडलं. हळदीपुढे मात्र मुलीनं बराच वेळ काही लिहिलं नाही. नंतर हळूहळू बोलली. ती लहान असताना चुलत बहिणीच्या हळदीला बायका जमल्या होत्या, आणि तिच्या आईला कोणीतरी म्हणालं होतं, ‘तुम्ही जरा आत स्वयंपाकाचं बघा.’ आई उठून आत गेली होती. मुलीचा हळदीवरचा राग तिच्या नास्तिकपणातून आलेला नव्हता, तो तिथून आला होता.

पुढच्या वेळी मुलीच्या आईला बोलावलं. त्या म्हणाल्या, ‘हळद व्हावी असं वाटतं. मी लावायची की नाही, ते तुम्ही सांगा.’ शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, ते त्यांनी ऐकलं होतं. ‘पण ते गावानं केलं, मी एकटी कशी करू?’ मुलगी लगेच म्हणाली, ‘आई, पहिली हळद तूच लावायची. नाहीतर हळदच नको.’ आणि हळद ठरली. तीन साक्षीदारांत पहिली सही आईची, हेही तिथंच ठरलं.

मंगलाष्टकांचा आग्रह मुलाच्या आईचा होता. मी त्यांना सत्यशोधक लग्नांबद्दल सांगितलं. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं २५ डिसेंबर १८७३ला पुण्यात भटजीवाचून पहिलं लग्न लावलं. फुल्यांनी स्वतः मंगलाष्टकं रचली. त्यांत वधू स्त्रियांच्या हक्कांचं बोलते आणि वर तिला वचन देतो. त्यांत निर्मिक, म्हणजे फुल्यांच्या शब्दांत जगाचा निर्माता, आहे, म्हणून या दोघांनी ती जशीच्या तशी घेतली नाहीत. चाल जुनी ठेवली आणि शब्द स्वतः लिहिले. पण ‘हे आपल्याकडे दीडशे वर्षांपासून चालत आलंय’ हे कळल्यावर मुलाच्या आईच्या चेहऱ्यावरचा ताण कमी झालेला मला दिसला.

सगळंच असं जुळलं नाही. मुलाच्या आजीची श्रद्धा खरी आहे. ‘आजी, हे सगळं प्रतीकात्मक असतं हो,’ असं तिला समजावणं मला तिचा अपमान वाटतो. नातवाला खोटं खोटं पाटावर बसवणं हाही अपमानच, दोघांचा. म्हणून आजीनं स्वतःच्या घरी देवाचं केलं आणि दोघं तिच्याकडे केळवणाला जेवायला गेली. आजी रुसली होती आणि बरेच दिवस रुसलेलीच राहिली. तो रुसवा दोघांनी सहन करायचा होता, मी तो काढून देऊ शकत नव्हते.

मंगळसूत्राचा निर्णय लग्नापर्यंत झाला नाही. मुलीच्या आईनं पै पै साठवून ते केलं होतं. मुलीनं ते घेतलं, पण कधी घालायचं ते माझं मी ठरवीन, असं सांगितलं. काही गोष्टी अशा उघड्या ठेवायला हरकत नसते.

तुम्ही याच वळणावर असाल तर ही बोलणी नोटिशीनंतरच्या ३० दिवसांवर ढकलू नका. तेव्हा हॉल, कपडे, जेवणाची गडबड असते आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं. नोटीस देण्याआधीच बसा, आणि घरात आजवर ज्यांना मागे बसवलं गेलं, त्यांना आधी बोलू द्या.