तोच फोटो सात जागी, ठेवायचा कोणता?

प्रश्न : नमस्कार भाऊ, नागपूरच्या नरेंद्रनगरहून लिहून राहिली. मागच्या वर्षी शाळेतून रिटायर झाली, आता वेळ आहे म्हणून घरातले सगळे फोटो एका जागी आणायचं ठरवलं. जुना डेस्कटॉप (त्यात पिकासा हे फोटोंचं सॉफ्टवेअर होतं), मुलाचा लॅपटॉप, दोन पेनड्राइव्ह, यजमानांचा मोबाइल, सगळं एका हार्डडिस्कवर ओतलं आणि आता तिथे वीस हजार फोटो झालेत. पोरीच्या हळदीचा एकच फोटो सात जागी दिसून राहिला, कुठे नाव तेच, कुठे वेगळंच, एक तर आडवा पडलेला. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो आई एक सॉफ्टवेअर टाक आणि डुप्लिकेट उडवून मोकळी हो, पण मला धाकधूक वाटते की नेमका चांगलाच उडायचा. हाताने करत बसली तर पुढचा पोळा येईल. काय करू समजून नाही राहिलं.

उत्तर : ताई, धाकधूक वाटते ना, ती राहू द्या. मी स्वतः मार खाल्लाय यात. काही वर्षांआधी मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस डिग्री, कूलरसमोर बसून कुठलंसं फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं, त्याने जोड्या दाखवल्या, मी सरसकट सिलेक्ट करून उडवल्या आणि एवढी जागा मोकळी झाली म्हणून घरभर सांगत फिरलो. दिवाळीच्या आधी आजोबांचा फुटाळा तलावावरचा फोटो फ्रेम करायला बर्डीवर स्टुडिओत नेला, बारा बाय आठचा. स्टुडिओवाल्याने स्क्रीनवर मोठा करून दाखवला तर आजोबांच्या चष्म्याच्या काडीच्या जागी नुसते चौकोन चौकोन. मी ठेवला होता तो व्हॉट्सॲपवर फिरून आलेला, आणि उडवला होता तो कॅमेऱ्यातला. रिसायकल बिनही त्याच दिवशी साफ केलं होतं, हौस दांडगी ना.

हिशेब सांगतो म्हणजे लक्षात येईल. कॅमेऱ्यातला फोटो होता ४००० बाय ३००० पिक्सेल, म्हणजे ज्या बारीक ठिपक्यांनी फोटो बनतो ते. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवला की तो लहान होतो, लांब बाजू साधारण १६०० वर येते. बारा इंचात १६०० पिक्सेल म्हणजे इंचाला १३३, आणि चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० धरतात. मूळ फोटो असता तर ३३३ मिळाले असते. मोबाइलच्या स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणूनच फसायला होतं.

तर मुद्दा असा की डुप्लिकेट शोधणं हे मशीनचं काम आहे, ते करते बिचारी, पण त्यातला ठेवायचा कोणता हे तिला कळत नाही. आणि 'डुप्लिकेट' या एका शब्दात दोन वेगळ्या भानगडी आहेत, त्या आधी वेगळ्या करा.

पहिली म्हणजे फाइल जशीच्या तशी कॉपी झालेली. पेनड्राइव्हवर घेतली, परत लॅपटॉपवर टाकली, नाव बदललं तरी आतला माल तोच. यात सॉफ्टवेअर प्रत्येक फाइलचा जणू अंगठा घेतं. त्याला हॅश म्हणतात, एमडी५ नावाचा एक जुना प्रकार आहे त्यात हा अंगठा ३२ अक्षरांचा येतो. दोन फाइलींचा अंगठा जुळला की त्या एकच. नाव काय आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, आणि तुम्हीही नावावर जाऊ नका, कारण कॅमेऱ्याचे नंबर ९९९९ पर्यंत जातात आणि परत एकपासून सुरू होतात, त्यामुळे एकाच नावाचे दोन फोटो एक रामटेकचा आणि एक बारशाचा असू शकतो.

पण हा अंगठा फार नाजूक. फोटो नुसता फिरवून सेव्ह केला, किंवा विंडोजमध्ये त्याला रेटिंगचा एक स्टार दिला, तरी अंगठा पार बदलतो. तुमचा आडवा पडलेला फोटो आणि व्हॉट्सॲपवाले यात सापडणारच नाहीत. तिथे दुसरी भानगड सुरू होते, फाइल वेगळी पण चित्र तेच.

त्याची एक युक्ती मला फार आवडते म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुमचा हळदीचा फोटो घ्या. सॉफ्टवेअर त्यातले रंग काढून टाकतं, म्हणजे हळद पण करडी, आणि फोटो इतका बारीक करतं की आडवे ९ आणि उभे ८ असे फक्त ७२ चौकोन उरतात. नवरी ओळखू येत नाही, मांडव ओळखू येत नाही, नुसते उजेड-अंधाराचे ठिपके. मग प्रत्येक ओळीत शेजारच्या दोन चौकोनांना एकच प्रश्न, डावा जास्त उजळ की उजवा? ओळीत ९ चौकोन म्हणजे ८ प्रश्न, ओळी ८, म्हणजे एकूण ६४ उत्तरं, हो किंवा नाही. बस, हीच त्या फोटोची ओळख. फोटो लहान केला, थोडा धुरकट झाला, ब्राइटनेस वाढवला तरी डावा उजळ होता तो बहुतेक डावाच राहतो. दोन फोटोंच्या ६४ पैकी किती उत्तरं वेगळी आली ते मोजायचं, शून्य ते चार-पाच वेगळी असतील तर बहुतेक तोच फोटो, दहाच्या वर गेलं की मी तर बघतच नाही. या मोजण्याला हॅमिंग अंतर म्हणतात, रिचर्ड हॅमिंग नावाच्या गणितज्ञाने १९५० मध्ये ते मांडलं, तेव्हा फोटोंचा काही संबंध नव्हता, आकडे पाठवताना होणाऱ्या चुका पकडायच्या होत्या. तुमच्या वीस हजार फोटोंच्या जोड्या होतात जवळपास वीस कोटी, पण ६४ उत्तरं ताडून बघायला कॉम्प्युटरला काही लागत नाही, वेळ जातो तो प्रत्येक फोटो एकदा उघडण्यात. रात्री लावून झोपा.

आता ही युक्ती फसते कुठे? कडेचा भाग जास्त कापला तर फसते, नव्वद अंशात फिरवला तरी फसते. आणि उलटंही होतं, वेगळ्या गोष्टी एकच वाटतात. माझ्याकडे बाबांच्या शेताचे सातबारे आणि बहिणीच्या मार्कशीट एकाच ग्रुपमध्ये आल्या होत्या, कारण पांढऱ्या कागदावर काळी अक्षरं, बारीक केलं की सगळंच करडं. म्हणून कागदपत्रांचे स्कॅन आधीच वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि ते फोल्डर तपासायलाच देऊ नका. दिवाळीचे रात्रीचे काळेकुट्ट फोटो पण असेच गोंधळ घालतात.

सॉफ्टवेअर म्हणाल तर फुकटात तीन चांगले आहेत, डुपगुरू, डिजिकॅम आणि च्काव्का. हा शेवटचा पोलिश शब्द आहे, अर्थ उचकी. कोणी आठवण काढली की उचकी लागते म्हणतात आपल्याकडे, फोटोंच्या सॉफ्टवेअरला याहून बरं नाव सापडलं नसतं. तुम्ही डुपगुरूपासून सुरू करा. आधी सगळ्याची एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क कपाटात ठेवून द्या, त्याशिवाय पुढे जाऊच नका. मग पहिल्या फेरीत स्टँडर्ड मोडमध्ये कंटेंट्स निवडून फक्त जशाच्या तशा कॉप्या काढा. इथे फार डोकं लावायची गरज नाही, दोन्ही सारख्याच, कोणतीही राहिली तरी चालते. अर्धा पसारा इथेच कमी होईल बहुतेक.

दुसरी फेरी पिक्चर मोडची, आणि इथे घाई नको. फोल्डरच्या यादीत प्रत्येक फोल्डरसमोर रेफरन्स असं ठरवता येतं, म्हणजे त्या फोल्डरमधल्या फोटोला हात लागणार नाही, बाकीच्यांना त्याच्याशी जुळवून बघायचं. कॅमेऱ्याच्या कार्डवरून थेट उतरवलेलं जे फोल्डर असेल ते रेफरन्स करा. मला तेव्हा हे एक बटण माहीत असतं तर आजोबा वाचले असते. सेटिंगमध्ये वेगवेगळ्या मापाचे फोटो जुळवायचे का असा एक पर्याय असतो, तो चालू करा, नाहीतर व्हॉट्सॲपवाले लहान फोटो सापडायचेच नाहीत आणि तुम्ही म्हणाल भाऊंनी काहीतरीच सांगितलं. मग निकालात माप आणि साइज बघा, मोठा तो ठेवा. त्यातही शंका असेल तर फोटोच्या प्रॉपर्टीजमध्ये काढल्याची तारीख आणि कॅमेऱ्याचं नाव आहे का बघा. व्हॉट्सॲपवरून आलेल्यात ही माहिती गळून पडलेली असते, आणि अँड्रॉइडवर नावातही 'डब्ल्यूए' येतं, त्यावरून लगेच ओळखू येतो.

पिकासाचं एक सांगायचं राहिलं. ते २०१६ मध्ये बंद झालं, पण त्यात फोटो सुधारून सेव्ह केला की मूळ फोटो 'पिकासाओरिजिनल्स' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये जायचा. म्हणजे तुमच्या सातांपैकी खरा एखादवेळी तिथे दडलेला असेल, आणि लोक नेमकं तेच फोल्डर कचरा समजून उडवतात.

आणि डिलीट करूच नका. 'बघायचे' नावाचं फोल्डर करून त्यात हलवा, महिनाभर पडू द्या. पेनड्राइव्हवरून डिलीट केलेलं रिसायकल बिनमध्ये येत नाही हेही ध्यानात ठेवा, आणि एखादं फोल्डर गूगल ड्राइव्हशी जोडलेलं असेल तर इथे उडवलं की तिथलंही उडतं. मुलाला सांगा, पोळ्याच्या आधी होते.

प्रश्न : भाऊ, ताडोब्यात पाणवठ्यावर वाघीण दिसली, मी बटण दाबूनच ठेवलं, चारशे फोटो. सॉफ्टवेअर सगळ्यांना एकाच ग्रुपमध्ये टाकून राहिलं. सेटिंग कुठे चुकते? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : सेटिंग नाही चुकत. वर सांगितलेले ७२ चौकोन आठवा, त्यात गवत, पाणी आणि मधे एक ठिपका वाघिणीचा. तिने मान वळवली, कान टवकारले, तुमच्याकडे बघितलं, हे सगळं एका चौकोनाच्या आत होऊन जातं, सॉफ्टवेअरला ते दिसतच नाही. आणि तुम्हाला हवा तो फोटो तर नेमका मान वळवलेला. हे डुप्लिकेट नाहीतच, हे निवडायचं काम आहे आणि ते डोळ्यानेच होते. मी असं करतो, फोटो शंभर टक्के झूम करून फक्त डोळा बघतो. डोळा धूसर असला की गेला, बाकी पट्टे कितीही सुंदर असोत. पहिल्या फेरीत फक्त काढून टाकायचे, निवडायचे नाहीत, आणि दुसरी फेरी दुसऱ्या दिवशी, कारण सफारीवरून आल्या दिवशी प्रत्येक फोटो भारीच वाटतो. कॅमेरा रॉ (म्हणजे कॅमेऱ्याची मूळ कच्ची फाइल) आणि जेपेग (नेहमीची फोटोची फाइल) दोन्ही सेव्ह करत असेल तर ती जोडी पण डुप्लिकेट म्हणून दिसू शकते, त्यातला रॉ चुकूनही उडवू नका.

प्रश्न : कॉम्प्युटर नाहीच माझ्याकडे, सगळे फोटो मोबाइलमध्ये. गुड मॉर्निंगने मोबाइल भरला. (एक वाचक, महाल)

उत्तर : अँड्रॉइड असेल तर गूगलचं फाइल्स ॲप डुप्लिकेट फाइली दाखवतं, पण जशाच्या तशाच. आयफोनमध्ये आयओएस १६ पासून, म्हणजे २०२२ पासून, फोटोजमध्येच डुप्लिकेट्सचा अल्बम येतो, मर्ज दाबलं की चांगला ठेवून बाकीचे 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये टाकतं. गुड मॉर्निंगवाल्यांसाठी मात्र व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ऑटो डाउनलोड बंद करा, काकाला राग येणार नाही, त्यांना निळी टिक दिसतेच.