रिकाम्या जागी शून्य भरण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझी एसक्यूएल क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, पाहिली. एकदाही ऑर्डर न दिलेले ग्राहक शोधायला तू 'नॉट इन', म्हणजे 'या यादीत नाही' ही अट, लावलंस, एकही ओळ आली नाही, आणि सगळ्यांनीच ऑर्डर दिली असं तू धरून चाललास. ऑर्डरच्या टेबलात एका जरी ओळीत ग्राहक क्रमांक नल, म्हणजे न भरलेला, असला, तरी हेच होतं.

समज, ग्राहक ७ तपासायचा आहे आणि यादीत ३, ५ आणि एक नल आहे. ७ हा ३ पेक्षा वेगळा? हो. ५ पेक्षा? हो. नलपेक्षा? सांगता येत नाही, कारण नल म्हणजे 'माहीत नाही'. क्वेरीतली अट जिथे लिहितात ते 'व्हेअर' फक्त अट खरी ठरलेली ओळ पुढे सोडतं, म्हणून ७ गळाला. यादीत नसलेला प्रत्येक जण असाच गळतो, आणि एररही येत नाही. मला याचीच सगळ्यात जास्त धास्ती वाटते. इथे 'नॉट एक्झिस्ट्स' वापर; ते जुळणारी ओळ सापडली का, एवढंच बघतं. बरोबरीचं चिन्ह लावून नल सापडत नाही, 'इज नल' लिहावं लागतं, तेही याच कारणाने.

आता 'कोअलेस', म्हणजे नलच्या जागी आपण दिलेली किंमत भरणारं फंक्शन. तू सरसकट शून्य भरलंस. गुण १०, २०, ३० आणि दोन नल असतील, तर सरासरी काढणारं 'एव्हीजी' फंक्शन नल सोडून देतं: ६० भागिले ३, म्हणजे २०. शून्य भरलं की तीच १२ होते. यातलं खरं कुठलं? पेपर कोरा दिला असेल तर १२, निकाल लागायचा असेल तर २०. हे क्वेरीत बसून ठरत नाही, नोंद करणाऱ्याला विचारावं लागतं. मी एकदा विचारलं नाही. तापमानाच्या नोंदींत सेन्सर बंद असलेल्या तासांना शून्य भरलं, आणि शून्य अंश हे तर खरंखुरं तापमान! चुकीचा अहवाल पुढे गेला, आणि त्यावर लोकांनी निर्णयही घेतले. ते अजून सलतं.

ओरॅकल डेटाबेसवर काम करशील तेव्हा लक्षात ठेव, तिथे रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर, हीही नलच धरली जाते. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये तसं नाही.

तुझ्या दुसऱ्या क्वेरीत 'लेफ्ट जॉइन' आहे, म्हणजे डाव्या टेबलातल्या सगळ्या ओळी ठेवून उजव्यातल्या जुळणाऱ्या जोडायच्या, पण उजव्या टेबलावरची तारखेची अट 'व्हेअर'मध्ये आहे. न जुळलेल्या ओळींत ती तारीख नल असते, त्यामुळे त्या तिथेच गळतात. अट 'ऑन'मध्ये, म्हणजे टेबलं जोडण्याच्या अटीत, ने, पुन्हा चालव आणि किती ओळी वाढल्या ते कळव.

तुझा,
दादा