सिमेंटच्या गिलाव्याला हो म्हणू नका (इंग्लंडच्या सफक परगण्यातलं ओक लाकडाच्या चौकटीचं घर)

तुमचा प्रश्न वाचला आणि अकरा वर्षांपूर्वीचे माझेच दिवस आठवले. सफकमधलं सोळाव्या शतकातलं घर, कर्जासाठी बँकेने करवलेल्या सर्व्हेत ‘भिंतीत ओल’ असा शेरा, आणि कंत्राटदार म्हणतोय की जोत्याच्या विटांत भोकं पाडून रसायन भरू, बाहेरून सिमेंटचा गिलावा करू, वर हमीपत्र देऊ. करून टाकावं का, असं तुम्ही विचारलंय. नका करू. मी आर्किटेक्ट नाही, माझा अनुभव एकाच घराचा आहे, तेव्हा जाणकाराला दाखवूनच काय ते ठरवा. पण हो म्हणायची घाई करू नका.

घर लिस्टेड, म्हणजे जपण्याजोग्या इमारतींच्या सरकारी यादीतलं असलं की परवानगीशिवाय त्यात फेरफार करता येत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असणारच.

आमच्याकडे सर्व्हेवाल्या संस्थेचा माणूस आला (नाव लिहीत नाही), त्याने दोन टोकांचं मीटर भिंतीला चार ठिकाणी टोचलं आणि वीस मिनिटांत निघून गेला. ते मीटर लाकडातली ओल मोजण्यासाठी असतं. जुन्या गिलाव्यात क्षार असले की भिंत कोरडी असूनही आकडा चढतो. मला तेव्हा हे कुणी सांगितलं नाही. पाणी येतंय कुठून, एवढंच विचारायला मी त्या ऑफिसला तीन ईमेल पाठवल्या. उत्तर एकच आलं, तेही छापील: हमीपत्र मिळेपर्यंत कर्जातली काही रक्कम रोखून ठेवली जाईल. घर हातचं जाईल या धास्तीने मी तशाच रसायन-सिमेंटच्या कामावर सही केली. आजही त्या ऑफिसची आठवण आली की संताप होतो. ओलीचं कारण शोधणं हे त्यांचं कामच नव्हतं म्हणे!

या घरांची चौकट, म्हणजे खांब-तुळयांचा सांगाडा, कच्च्या, न वाळवलेल्या ओकची असते. जागेवर बसल्यावर ती वाळते, आकसते, पिळते, आणि पुढेही ऋतूप्रमाणे थोडी हलत राहते. चुन्याचा गिलावा तिच्याबरोबर थोडंफार जमवून घेतो आणि आत शिरलेलं पाणी बाहेर सुकू देतो. सिमेंट मात्र ताठ. लाकूड आणि सिमेंटच्या मध्ये केसाएवढी फट पडते, पाऊस त्यातून आत शिरतो आणि तिथेच कोंडून राहतो. मग तो उतरत उतरत जोत्यावरच्या आडव्या तुळईवर साचतो. सगळ्या खांबांची कुसं, म्हणजे तासून बारीक केलेली टोकं, त्याच तुळईच्या खाचांत बसलेली असतात.

चौथ्या हिवाळ्यात जुन्या घरांचं काम करणारा एक सुतार बोलावला. त्याने स्क्रूड्रायव्हर तुळईला लावला, तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर आला तो चहाच्या चोथ्यासारखा ओला भुगा. कोपऱ्यातल्या खांबाचं कुसू पार कुजून गेलं होतं, खुंटी तेवढी शाबूत. सिमेंट उतरवल्यावर वर खांबांमधल्या चौकोनांत मात्र हेझल झुडपाच्या काड्यांचं कूड जसंच्या तसं होतं. माती, पेंढा, शेण, आणि एका जागी लिंपणाऱ्याच्या चार बोटांचे ठसे. मी रत्नागिरीकडची. आजीच्या घराची मागची भिंत कारवीच्या कुडाची होती, ती दरवर्षी शेणमातीने लिंपायची. इतकं ओळखीचं काम मी सिमेंटखाली गाडलं, याचं मला तुळईच्या खर्चापेक्षा जास्त वाईट वाटलं.

दुसरी चूक म्हणजे परवानगी न घेणं. लिस्टेड घरात परवानगीशिवाय असं काम करणं इंग्लंडमध्ये गुन्हा आहे, आणि काम पूर्ववत करण्याची नोटीस किती वर्षांनी यावी याला मुदत नाही. ती नव्या मालकालाही येऊ शकते. त्यामुळे आधीच्या मालकाने काय काय केलं, त्याचे कागद खरेदीपूर्वीच मागा. या परवानगीच्या अर्जाला फी नसते, हे मला फार उशिरा कळलं. विल्यम मॉरिसने 1877 साली सुरू केलेली जुन्या इमारतींच्या रक्षणाची सोसायटी, स्पॅब, फोनवर तांत्रिक सल्ला देते. कंत्राटदाराच्या आधी तिथे फोन करा.

घर वाकडं दिसतं म्हणून घाबरू नका. चेशरमधला लिटल मोर्टन हॉल हा लाकडी चौकटीचा जुना वाडा वरच्या लांब दालनाच्या भाराने केवढा वाकलाय, तरी उभा आहे. लाकडाला काळा रंग देऊ नका. तो काळा-पांढरा थाट बराचसा एकोणिसाव्या शतकातला आहे. सफकमधल्याच लॅव्हेनम गावात रुपेरी करडा ओक बघून या. आणि लाकूड पोखरणाऱ्या डेथवॉच भुंग्याची भोकं दिसली की लगेच फवारणीवर पैसे घालू नका. तो ओल्या, कुजू लागलेल्या ओकवर जगतो, तेव्हा आधी ओल थांबवा. विम्याचं मात्र लिस्टेड घरांचे विमे करणाऱ्यांकडेच बघा, हे माझं ठाम मत.

तुमच्या ओलीचं कारण बहुतेक साधंच असेल. भर पावसात त्या घरी जा. पन्हळ कुठे गळते, पाणी कुठे साचतं ते बघा, आणि बाहेरची जमीन किंवा फरशी त्या तुळईच्या किती खाली आहे ते मोजून इथे लिहा. आमच्याकडे ती अगदी तुळईला टेकलेली होती.