रक्तातलं कोलेस्टेरॉल नॉर्मल, मग पित्ताशयात खडा कसा?

एलडीएल (रक्तातलं 'वाईट' कोलेस्टेरॉल) 95 आणि सोनोग्राफीत 7 मिमीचा खडा, यातला एखादा रिपोर्ट चुकलाय का, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही रिपोर्ट बरोबर असू शकतात, कारण खडा बनतो तो पित्तात, आणि पित्तात कोलेस्टेरॉल किती आहे हे लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, सांगतच नाही.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. यकृत ते पित्तात सोडतं तेव्हा पित्तक्षार आणि लेसिथिन हे पित्तातले दोन घटक त्याला विरघळलेलं धरून ठेवतात. हे दोन्ही कमी पडले किंवा कोलेस्टेरॉल जास्त आलं की पित्त अतिसंपृक्त होतं, म्हणजे त्यात मावेल त्याहून जास्त कोलेस्टेरॉल होतं, आणि बारीक स्फटिक धरतात. तरी लगेच खडा होत नाही. पित्ताशय नीट आकुंचन पावत असेल तर हे स्फटिक आतड्यात निघून जातात. पित्ताशय सुस्त असेल तर ते म्युसिन या श्लेष्मल पदार्थाच्या चिकट थरात अडकून वाढत राहतात.

लिपिड प्रोफाइलमध्ये बघायचंच असेल तर ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) बघा. ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी, जोडीला पोटाचा घेर किंवा मधुमेह असेल, तर खड्यांचा धोका खरंच वाढतो. एकूण कोलेस्टेरॉल किंवा एलडीएलशी मात्र तसा सरळ संबंध दिसत नाही.

यातली गंमत औषधांत दिसते. फायब्रेट गटातली औषधं रक्तातले ट्रायग्लिसराइड उतरवतात, पण पित्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतात. झपाट्याने वजन उतरवण्याचंही तसंच: आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त घटलं तर चरबीतलं कोलेस्टेरॉल पित्तात येतं, आणि खाणं अगदीच कमी झाल्याने पित्ताशय रिकामं होत नाही. म्हणून वजन हळू उतरवा, आणि पूर्ण तेल-तूप बंद करू नका. पित्ताशय आकुंचन पावायला जेवणात थोडी चरबी लागतेच.

खडा विरघळवायला युर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड देतात, रोज साधारण किलोमागे 8 ते 10 मिग्रॅ. पण खडा कोलेस्टेरॉलचा, कॅल्शियम न धरलेला, लहान आणि पित्ताशय चालतं असेल तरच. सहा महिने ते दोन वर्षं लागतात, आणि औषध थांबवल्यावर पाच वर्षांत जवळपास निम्म्या लोकांना खडे परत होतात. खडे पाडायला म्हणून घेतात त्या लिंबूरस आणि तेलाच्या घरगुती 'फ्लश'मधून पडणारे हिरवे गोळे बहुतेक वेळा साबणासारखे घट्ट झालेले तेलाचेच असतात.

दुखत नसेल तर सहसा काहीच करावं लागत नाही. उजव्या बरगडीखाली कळ काही तास राहिली, थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.