ते पुस्तक तुम्ही स्वतः पाहिलंत का?

जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा उठली की सोलापुरात प्रकल्प-अहवालांचा हंगाम सुरू होतो. कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढून मी निवृत्त झाले, तरी या दिवसांत फोन यायचे थांबत नाहीत, आणि विचारणं तेच असतं. कुणाच्या तरी सीनियरने सांगितलेलं, झेरॉक्सच्या दुकानात ऐकलेलं. या वेळचे काही प्रश्न एकत्र घेते.

संदर्भसूची आणि ग्रंथसूची एकच ना? (बी.एड., बार्शी)

नाही. मजकुरात ज्याचा हवाला दिला तेवढंच संदर्भसूचीत येतं. हवाला न देता नुसतं वाचलेलंही ग्रंथसूचीत चालतं. तुमच्या विभागाला कोणती हवी ते विचारून घ्या.

मराठी यादीत आडनाव आधी लिहायचं की नाव? आणि 'डॉ.', 'प्रा.' लावायचं का? (एम.ए. मराठी, पंढरपूर)

आडनाव आधी. पदव्या गाळायच्या, 'प.पू.' सुद्धा. त्यात अपमान कुणाचा होत नाही.

मैत्रिणीचे सर एपीए म्हणतात, आमच्या मॅडम एमएलए. बरोबर कोणतं? (एम.ए. इंग्रजी, होटगी रोड)

दोन्ही. या संदर्भ लिहिण्याच्या दोन शैली आहेत. एपीए मूळची मानसशास्त्रवाल्यांची, शिक्षणशास्त्र आणि समाजशास्त्रातही तीच चालते. मजकुरात लेखक आणि वर्ष देते. तिची सातवी आवृत्ती २०१९ मध्ये आली. एमएलए भाषा-साहित्यवाल्यांची, लेखक आणि पान देते. नववी आवृत्ती २०२१ ची. इतिहासवाले बहुधा तळटिपांवर चालतात. तुमच्या मॅडम एमएलए म्हणतात तर एमएलए, मैत्रिणीची वही बंद करा. गोंधळ होतो तो अर्धी यादी एकीकडून आणि अर्धी दुसरीकडून उचलल्यावर. एक उदाहरण देते. एपीएच्या सातव्या आवृत्तीने प्रकाशनाचं गाव लिहिणं बंद केलं, पण आपल्याकडचे बरेच मार्गदर्शक अजून 'पुणे' मागतात. मागितलं तर लिहा, मात्र मग यादीतल्या प्रत्येक पुस्तकाला लिहा.

यूजीसीने दहा टक्के कॉपीची सूट दिली आहे, हे खरं का? (एम.कॉम., मोहोळ)

कुणी सांगितलं? मूळ नियम वाचणारा मला अजून भेटायचा आहे. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, वाङ्मयचौर्याबाबतचे नियम २०१८ चे आहेत. त्यात दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, चाळीस ते साठमध्ये वर्षभर सादरच करता येत नाही, आणि साठच्या वर नोंदणी रद्द. नीट हवाला दिलेली अवतरणं, संदर्भसूची, कायद्यांचा मजकूर, ठरलेली सूत्रं हे सगळं मोजणीतून वगळलेलं आहे. सलग चौदा शब्दांपर्यंतची योगायोगाने जुळणारी वाक्यंही वगळली आहेत, आणि यातूनच 'चौदा शब्द उचलले तर चालतात' ही दुसरी अफवा निघाली.

दोनशे पानांच्या प्रबंधात एक पान हवाल्याशिवाय उचललं तर साम्य अर्धा टक्का दिसतं, चोरी मात्र पूर्ण पानाची असते. तुमच्या अभ्यासक्रमाला कोणती मर्यादा लावतात ते विभागाकडून लेखी घ्या.

कॉलेजजवळचा एक टायपिंगवाला म्हणतो, पंधराशे रुपयांत साम्य पाच टक्क्यांखाली आणून देतो. द्यावं का त्याला? (एम.बी.ए., सात रस्ता)

पंधराशे रुपये वाचवा. तो काय करतो ते सांगते. तुमचा मजकूर एका यंत्रातून फिरवतो, ते प्रत्येक शब्दाला दुसरा शब्द लावतं. माझ्यासमोर आलेल्या अशा एका अहवालात टेरी टॉवेलचा 'टेरी यांचा पंचा' झाला होता. ज्या गावात टेरी टॉवेल विणतात त्या गावात! परीक्षकांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि मुलाला विचारलं, "टेरी कोण?" दुसरी युक्ती शब्दांच्या मध्ये पांढऱ्या रंगाची अक्षरं पेरण्याची. तपासणारी सॉफ्टवेअर आता ती पकडतात आणि अहवालात वेगळी दाखवतात. तिसरा धोका कुणी सांगत नाही: कुठल्याशा सॉफ्टवेअरमध्ये तुमचा प्रबंध चढवला आणि तो तिथे साठवला गेला, तर पुढच्या तपासणीत तुमचाच मजकूर तुमच्याशी जुळून येतो. तपासणी ग्रंथालयातूनच करून घ्या. तो अहवाल कसा वाचायचा, हेही ग्रंथपाल सांगतील.

माझ्या प्रबंधिकेत १९३० च्या मार्शल लॉवर प्रकरण आहे. मजकूर एका जुन्या प्रबंधातून घेतला आणि त्याच्या तळटिपांत जी पुस्तकं होती तीच मी माझ्या तळटिपांत दिली. ती पुस्तकं मिळत नाहीत. मार्गदर्शक म्हणतात चालेल. चालेल ना? (एम.ए. इतिहास, जुळे सोलापूर)

नाही चालणार. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण बाकीच्या चुका दुरुस्त होतात, ही पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाते.

काही वर्षांपूर्वी एक बांधलेला प्रबंध नोंदीसाठी माझ्या टेबलावर आला. निळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, आत सगळ्यांच्या सह्या. शिक्का मारायला मधलं पान उघडलं. १२ मे १९३० रोजी सोलापुरात लष्करी कायदा पुकारला, असं वाक्य होतं. शेवटी बारीक ३ चा आकडा, आणि खाली तळटीप: 'सोलापूर गॅझेटियर, १८८४'. मी शिक्का हातात धरून तशीच बसले. घटनेच्या ४६ वर्षं आधी छापलेल्या पुस्तकात ती घटना कशी असेल? मुलाला बोलावून विचारलं, "हे पुस्तक पाहिलंस का?" तो म्हणाला, "मॅडम, अमक्या सरांच्या प्रबंधात होतं." सरांनी नुसतं 'सोलापूर गॅझेटियर' लिहिलेलं. गॅझेटियर म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधला विसावा खंड सोलापूरचा, तो १८८४ चा. स्वातंत्र्यानंतर शासनाने काढलेलं सुधारित गॅझेटियर वेगळं. याने वर्ष इंटरनेटवर शोधलं, पहिलं जे दिसलं ते चिकटवलं.

तुमच्या विषयात तर हे फार सोपं आहे. गोळीबार ८ मे १९३०, लष्करी कायदा १२ मे, आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी १२ जानेवारी १९३१. बारा तारीख दोनदा येते म्हणून मी पाहिलेल्या दोन अहवालांत कायदा आणि फाशी यांची सरमिसळ झाली होती. दोन्हींत चूक तीच, तळटीपही तीच, शब्दन्‌शब्द. एकाने दुसऱ्याची उतरवली होती, आणि तिसरा कोणी असेल तर तो या दोघांना पुरावा म्हणून दाखवेल. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून आपण रोज ये-जा करतो आणि त्यांच्या फाशीची तारीख तपासायला आळस करतो.

करायचं ते एवढंच: जे हातात घेतलं तेच लिहा. तुम्ही जुना प्रबंध पाहिलात ना, मग मूळ लेखकाचं नाव मजकुरात घ्या आणि पुढे 'अमुक प्रबंधातून उद्धृत' म्हणून त्या प्रबंधाचं वर्ष आणि पान द्या. संदर्भसूचीत फक्त तो प्रबंध जाईल. न पाहिलेलं पुस्तक तिथे नको. अशा नोंदी दोन-चार चालतात. वीस झाल्या तर परीक्षक विचारतीलच की तुम्ही वाचलंत काय.

आणि 'मिळत नाहीत' म्हणजे कुठे शोधलीत? मोबाइलवरच ना? जुनी गॅझेटियर्स स्कॅन होऊन फुकट उपलब्ध आहेत. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यात, मिळतात. हिराचंद नेमचंद वाचनालयात, विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रत्यक्ष जाऊन आलात का? पुढे पीएच.डी. करायची असेल तर मुंबईच्या पुराभिलेखागाराची पायरीही चढावी लागेल. मार्गदर्शकांशी वाद घालू नका. 'मूळ पाहिलेलं नाही, उद्धृत म्हणून देऊ का?' एवढं विचारा. नाही म्हणणारा मार्गदर्शक मी अजून पाहिलेला नाही.

एआयने बारा संदर्भ दिले, त्यातले तीन सापडत नाहीत. नऊ ठेवू का? (बी.एस्सी., कुमठा नाका)

बाराही काढा. मग जे सापडले ते उघडा, वाचा, आणि त्यात खरंच ते लिहिलं असेल तरच परत घ्या. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, कधी झालेच नाहीत असे खटले दाखले म्हणून दिले. पाच हजार डॉलर दंड बसला. लेखाला डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळख-क्रमांक, असेल तर तो १० ने सुरू होतो. डीओआय डॉट ऑर्गवर टाकून पाहा, दुसराच लेख उघडला तर समजून जा. एआय वापरल्याचं कुठे आणि कसं नमूद करायचं, हे विभागाला आधी विचारा, नंतर नको.

इंग्रजी लेखातले तीन परिच्छेद मी स्वतः मराठीत आणले. सॉफ्टवेअरने शून्य टक्के दाखवलं. वाक्यं माझी, मग हवाला कशाला? (पीएच.डी., अक्कलकोट)

पीठ दुसऱ्याच्या घरचं, तुम्ही भाकरी फक्त थापलीत. विचार, क्रम, उदाहरणं त्याची आहेत. सॉफ्टवेअरला दोन भाषांतलं नातं दिसलं नाही, परीक्षकाला दिसेल. लेखक, वर्ष, पान द्या आणि 'भाषांतर माझे' लिहा. एपीए अशा भाषांतराला आपल्या शब्दांतला आशय समजते, अवतरणचिन्हं मागत नाही. इतर शैलींत मागतात. सोलापुरात हाच नियम कन्नड, तेलुगू, उर्दूतून आणलेल्या मजकुरालाही लागू. घरी बोलतो ती भाषा आहे म्हणून मजकूर घरचा होत नाही.

विडी कामगार बायकांच्या वीस मुलाखती घेतल्या. संदर्भसूचीत वीस नावं द्यायची का? (एम.एस.डब्ल्यू., विडी घरकुल)

अजिबात नको. त्या मुलाखती म्हणजे तुमची जमवलेली सामग्री, प्रकाशित साहित्य नव्हे. कधी, कुठे, कोणत्या भाषेत घेतल्या ते पद्धतीच्या प्रकरणात सांगा. मजकुरात 'मुलाखत ७' असा क्रमांक द्या. नावं उघड केलीत आणि मजुरीबद्दल बोललेलं एखादीच्या कारखानदारापर्यंत गेलं तर तिला काम मिळणार नाही, तुम्हाला पदवी मिळेल. त्यांची संमती घेतली होती का, हे विचारलेलं नाहीत. ते आजच मार्गदर्शकांशी बोला.

विश्वकोशातली नोंद वापरली, लेखक कोण लिहू? (बी.ए., माढा)

नोंदीच्या अगदी शेवटी नाव असतं. तिथपर्यंत वाचा.

सोमवारी सादर करायचं आहे. चार पुस्तकांचे पान क्रमांक टिपायचे राहिले. अंदाजाने टाकू का? (एम.ए. राज्यशास्त्र, विजापूर रोड)

नाही. शनिवारी ग्रंथालय उघडताच दारात उभे राहा, वही-पेन घेऊन. चारपैकी एखादं दुसऱ्याने नेलं असेल तर ग्रंथपालांना सांगा; ते फोन करून मागवतात, मीही मागवायचे. तरीही नाही मिळालं तर ते अवतरण काढून टाका.