पायरीवर पाय का नाही?

प्रिय मनू,

परवा फोनवर तू विचारलंस आणि तेवढ्यात माझी ड्यूटी सुरू झाली. पंढरपुरात आजीनं तुला उचलून पायरीपलीकडे ठेवलं, 'नामदेवांची पायरी आहे, पाय लावू नये' म्हणाली. तुझं म्हणणं, पायरी पाय ठेवायलाच असते ना?

बरोबर पकडलंस. गंमत म्हणजे नामदेवांनाही पाय लागायलाच हवे होते. 'नामा म्हणे आम्ही पायरीचे चिरे, संतपाय हिरे देती वर' असं त्यांनीच म्हणून ठेवलंय. 1350 मध्ये त्यांनी विठोबाच्या देवळाच्या दारात, त्याच पायरीशी समाधी घेतली. तेव्हापासून आपण ती पायरी ओलांडतोय!

बरं, हे मागणारा कोण? विठोबाचा सगळ्यात लाडका. लहानपणी वडिलांच्या जागी नैवेद्य घेऊन गेला, देव जेवेना म्हणून डोकं आपटायला निघाला, तेव्हा देव मुकाट्यानं जेवला म्हणतात. लाडक्यांना थोडी शिंगं फुटतातच. तेरला संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांना, म्हणजे गोरा कुंभारांना म्हटलं, यातली पक्की मडकी कोणती, कच्ची कोणती, बघा. काकांनी मडकी ठोकायचं थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत सुटले. सगळे गप्प. नामदेव तेवढे चिडले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं!

नामदेव रुसून विठोबाकडे गेले, तर त्यानंही गुरू कर म्हणून सांगितलं. गुरू भेटले विसोबा खेचर, तेही शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव हादरले. विसोबा म्हणाले, 'जिथे देव नाही तिथे ठेव माझे पाय.' ठेवतील तिथे पिंड. (पायाचीच गोष्ट, बघ.) पुढे कुत्र्यानं पोळी पळवली, तर हेच नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले: कोरडी खाऊ नको रे!

इथे माझ्याबरोबर एक सरदारजी आहेत. मी महाराष्ट्रातला म्हटल्यावर त्यांनी पहिलं नाव घेतलं ते 'भगत नामदेवजीं'चं. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत आणि पंजाबातल्या घुमानला त्यांचं मोठं स्थान आहे. एवढ्या लांब येऊन मला हे कळावं!

पुढच्या वेळी पायरीसमोरची चोखोबांची समाधीही बघ. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले. नामदेव त्यांच्या अस्थी आणायला गेले. ढिगाऱ्यात ओळखायच्या कशा? ज्या हाडांतून 'विठ्ठल विठ्ठल' ऐकू आलं, त्या चोखोबांच्या. जिवंतपणी त्यांना देवळात पाऊल टाकू दिलं नव्हतं. त्यांची समाधी दाराबाहेर झाली. आणि ज्याच्या हातचं देव जेवला, तो नामाही आत गेला नाही, दाराशीच राहिला.

पाय ठेवायचा का, हे आजीला विचारू नकोस, रागावेल. मला हे सगळं ठाऊक आहे, तरी आजवर एकदाही माझा पाय धजावलेला नाही.

तुझा,
बाबा