बोट कुठून तुटले, हे केसपेपरवर आहे का?

कामावर झालेली इजा, तिचे दाखले आणि पुन्हा रुजू होण्यापूर्वीची तपासणी यांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या अंकात घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत. उत्तरे देणाऱ्याने अनेक वर्षे औद्योगिक वसाहतीच्या वेशीवरच दवाखाना चालवला असल्यामुळे काही ठिकाणी त्याचे स्वतःचे मतही डोकावेल.

प्रश्न : माझे पती चाकणजवळच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर काम करतात. वय ३०, पगार १४,००० रुपये. ऑगस्ट २०२५ मध्ये डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बसवताना त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी सापडली. सुपरवायझरने त्यांना दवाखान्यात नेले आणि ‘घरी दारात बोट सापडले’ असे सांगितले. केसपेपरवर तेच लिहिले गेले. वर्कशॉपमध्ये सातच माणसे असल्याने ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) नाही. आता मालक म्हणतात की अपघात इथला नाही, असे कागदच सांगतो. डॉक्टर केसपेपर बदलून देतील का?

उत्तर : बदलून मागू नका आणि कोणी देऊ केला तरी घेऊ नका. खाडाखोड केलेला किंवा मागाहून नव्याने लिहिलेला केसपेपर उलटतपासणीत पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडतो, आणि मग त्यावरच्या खऱ्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. त्याऐवजी पतींना घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा आणि आजच्या तारखेची पुरवणी नोंद करून मागा : पहिल्या दिवशीची हकिगत रुग्णाने नव्हे, तर सोबत आलेल्या माणसाने सांगितली होती, रुग्ण स्वतः असे असे सांगतो, आणि जखमेचे स्वरूप अमुक प्रकारचे होते. जुनी ओळ तशीच राहू द्यावी. दारात सापडलेले बोट आणि डायखाली सापडलेले बोट यांत पुष्कळदा फरक दिसतो. जखमेच्या कडा, हाडाचा चुरा, जखमेत रुतलेले ग्रीस किंवा लोखंडाचा कीस यांविषयी डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी काही टिपले असेल, तर ती ओळ तुमच्या फार कामाची आहे. त्या दिवशीची हजेरी, शेजारच्या मशीनवरच्या कामगाराचे म्हणणे आणि सुपरवायझरने केलेले फोन यांचाही पुरावा होतो.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येऊ, कारण तुम्ही पाठवलेल्या दाखल्यात केवळ ‘तर्जनीला चेंगरल्याची इजा’ एवढेच शब्द आहेत. हा अपघात ऑगस्टमधला असल्याने त्याला १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागू होतो. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेच्या सातव्या प्रकरणात गेला आहे.) त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत पूर्ण तर्जनी गेल्यास कमाईच्या क्षमतेतील घट १४ टक्के धरली आहे, दोन पेरे गेल्यास ११, एक पेर गेल्यास ९ आणि हाड शाबूत राहून नुसते टोक गेल्यास ५ टक्के. तुमच्या पतींच्या बाबतीत पगाराचे ६० टक्के म्हणजे ८,४०० रुपये होतात. त्याला कायद्यात तिसाव्या वर्षासाठी दिलेल्या २०७.९८ या गुणकाने गुणले की १७,४७,०३२ रुपये येतात आणि त्यावर हे टक्के लागतात. दोन पेरे गेली असतील तर सुमारे १ लाख ९२ हजार, आणि टोकच गेले असेल तर सुमारे ८७ हजार. म्हणजे बोट कोणत्या सांध्यापासून गेले हे न लिहिणे, ही एका ओळीची कंजुषी लाखभराची ठरू शकते. एक्स-रेसह सांध्याचे नाव, हाताची बाजू आणि पती उजवा हात मुख्यत्वे वापरतात की डावा, हे दाखल्यात नोंदवून घ्या.

मालकांना लेखी सूचना अजून दिली नसेल तर या आठवड्यातच द्या. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षांची आहे. आपल्याकडे हे दावे कामगार न्यायालयापुढे चालतात. उपचारांवर झालेला प्रत्यक्ष खर्चही मागता येतो, म्हणून औषधांची बिले जपून ठेवा. सूचना मिळाल्यावर तीन दिवसांच्या आत मालकाने आपल्या खर्चाने डॉक्टरांकडून तपासणी करून देण्याची तयारी दाखवली, तर तिला नकार देऊ नका, कारण नकारामुळे भरपाईचा हक्क तेवढा काळ स्थगित होतो. मात्र त्या तपासणीला जाताना आपल्या कागदांच्या प्रती न्याव्यात, मूळ कागद नव्हेत.

प्रश्न : मी नाशिकच्या सातपूर भागात तीन वर्षांपासून प्रॅक्टिस करतो. कारखान्याच्या एचआर विभागातून फोन येतो, ‘माणूस सोमवारी जॉइन करू दे, फिट लिहून द्या.’ कधी कामगार म्हणतो, ‘डॉक्टर, अजून पंधरा दिवस वाढवा.’ मी दोघांच्या मध्ये सापडतो. काय लिहावे?

उत्तर : आपण पाहिलेले तेवढे लिहावे, हे सोपे उत्तर झाले. अडचण अशी की ‘फिट’ हा शब्द आपण पाहिलेल्या गोष्टीबद्दल बोलतच नाही. तो आपण न पाहिलेल्या कामाबद्दल बोलतो. मनगटाचे हाड जुळून आलेला माणूस स्टोअरमध्ये नोंदी करायला आजच योग्य असेल आणि ग्राइंडरवर आणखी सहा आठवडे अयोग्य असेल. म्हणून फोनवर एकच उत्तर द्या : कामाचे वर्णन लेखी पाठवा. किती किलो उचलायचे, किती वेळ उभे राहायचे, शिडीवर चढायचे का, दोन्ही हातांनी बटणे दाबायचे मशीन आहे का, रात्रपाळी आहे का. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा हा कागद येतच नाही आणि सोमवारची घाईही आपोआप ओसरते.

कागद आला तर तपासणीही त्या कामाच्या अंगाने करा. हाताची इजा असेल तर मूठ आणि चिमूट यांची ताकद दुसऱ्या हाताशी ताडून पाहा, डोळे मिटायला लावून बोटांच्या टोकांची संवेदना तपासा आणि शर्टाची बटणे लावायला सांगा. माझ्याकडे आलेल्या एका फिटरने दोन्ही हातांनी माझा हात घट्ट दाबून दाखवला होता, पण टेबलावरचा नट त्याला बोल्टवर चढवता येईना; चौथ्यांदा तो फरशीवर पडला तेव्हा त्यानेच मान हलवली. गुंगी आणणारी औषधे चालू आहेत का, हेही विचारावे. जखम सुकली तरी वेदनाशामक सोडले नसेल तर मशीनवरचा माणूस धोक्यात असतो.

मग दाखल्यात पुढीलप्रमाणे लिहिता येईल : ‘अमुक तारखेला तपासले. उजव्या मनगटाचे हाड जुळले आहे. मुठीची ताकद डाव्या हाताच्या तुलनेत कमी आहे. बसून करायच्या कामास अमुक तारखेपासून योग्य. चार आठवडे ५ किलोपेक्षा जास्त वजन उचलणे, शिडीवर चढणे आणि थरथरणारी हत्यारे वापरणे टाळावे. फेरतपासणी अमुक तारखेला.’ कामगाराची सही किंवा अंगठा, ओळखीची खूण आणि आपल्या दाखल्यांच्या नोंदवहीतील क्रमांक विसरू नका; वैद्यक परिषदेचे २००२ चे विनियम ही नोंदवही ठेवायलाच सांगतात. ‘हलके काम द्यावे’ असे मोघम लिहू नये. सुपरवायझरच्या मते ट्रॉली ढकलणे हेही हलके काम असते.

कामगाराने मागितलेल्या पंधरा दिवसांनाही हीच फूटपट्टी लावा. तपासणीत काही सापडत नसेल तर वाढवू नका, पण का मागतो हे विचारा. पुष्कळदा तो आळशी नसतो, त्याला त्याच मशीनची भीती बसलेली असते, आणि ती भीती नोंदवणे हेही आपले काम आहे. तो ईएसआयचा विमाधारक असेल तर एक गोष्ट त्याला स्पष्ट सांगा : ज्या दिवशी तो पगार घेऊन काम करतो, मग ते कितीही हलके असो, त्या दिवसाचा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ त्याला मिळत नाही. तो लाभ पगाराच्या साधारण ९० टक्के असतो. हे ठाऊक नसल्याने ‘मी मदत म्हणून दोन दिवस गेलो होतो’ असे सांगणारे कामगार नंतर वसुलीच्या नोटिसा घेऊन येतात.

प्रश्न : मी एका दवाखान्यात कारकून आहे. विमा कंपनीचा माणूस येऊन जखमी कामगाराची सगळी फाइल मागतो. द्यावी का? आणि फाइल किती वर्षे ठेवायची?

उत्तर : रुग्णाची लेखी संमती किंवा न्यायालयाचा आदेश असल्याशिवाय देऊ नये, आणि संमती असली तरी त्या इजेपुरतीच द्यावी. त्याचा मधुमेह किंवा पाच वर्षांपूर्वीचा क्षयरोग यांच्याशी कोणाचा संबंध नाही. कारखान्याला तर निदानही लागत नाही, काय करू शकतो आणि काय नाही एवढे पुरते. उलट रुग्णाने स्वतः मागितले तर ७२ तासांत प्रती द्याव्या लागतात. कागद उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षे ठेवण्याचा नियम आहे, पण दाव्याचीच मुदत दोन वर्षे आणि पुढे न्यायालयाची वर्षे वेगळी, म्हणून कामावरच्या इजांच्या फाइली मी वेगळ्या कपाटात ठेवत असे आणि त्या रद्दीत कधी घातल्या नाहीत.

प्रश्न : मी इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतो. ईएसआयच्या डॉक्टरांनी अंतिम दाखला दिला, मी रुजू झालो, पण दोन बोटे अजून वळत नाहीत. सिव्हिल हॉस्पिटलमधून अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढले तर ईएसआयची भरपाई मिळेल का?

उत्तर : नाही, ती दोन वेगळी प्रमाणपत्रे आहेत. सिव्हिलचे प्रमाणपत्र शरीराचे किती काम थांबले ते मोजते आणि ते दिव्यांगांसाठीच्या सवलतींना उपयोगी पडते. ईएसआयमध्ये कमाईची क्षमता किती घटली हे ठरते, आणि ते त्यांचे वैद्यकीय मंडळ ठरवते. या दोन आकड्यांत किती अंतर पडू शकते हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९७६ च्या प्रताप नारायण सिंह देव प्रकरणात दिसते. ते १९२३ च्या कायद्याखालचे होते. त्यात डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या सुताराची घट न्यायालयाने पूर्ण मानली, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. अंतिम दाखला म्हणजे फक्त तात्पुरत्या लाभाचा शेवट. कायमच्या अपंगत्वासाठी आपल्या शाखा कार्यालयात अर्ज करून मंडळापुढे तपासणी मागा, आणि मालकाने अपघाताचा अहवाल पाठवला होता याची खात्री तिथेच करून घ्या. मंडळापुढे जाताना तुटलेला धागा जोडताना कोणती बोटे लागतात आणि आता एका पाळीत किती माग सांभाळता, हे लिहून न्या. मंडळाचा निर्णय मान्य नसेल तर मुदतीच्या आत वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते.